आपण लिफ्ट चालू ठेवल्यास

दोघी बहिणींपैकी धाकटी एका लिफ्टच्या कंपनीत पत्रं लिहायच्या कामावर होती. कंपनी लिफ्ट बसवायची आणि बसवलेल्या लिफ्टची देखभाल करायची. मिस्त्री इमारतींतून फिरून लिफ्ट तपासायचे, कागदावर चार ओळी खरडून आणायचे, आणि त्या चार ओळींचं रीतसर इंग्रजी पत्र करून गिऱ्हाइकाला पाठवायचं, हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे लेटरबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

इंग्रजी तिनं कष्टानं कमावलेलं होतं. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. थोरलीनं स्वतःचं शिक्षण सोडलं, शिलाई मशीनवर बसली आणि धाकटीला शिकवलं. थोरलीला इंग्रजीचा गंध नव्हता. पण धाकटी मोठ्यानं वाचायला बसली की ती मशीन थांबवून ऐकायची. "म्हण, म्हण. कळत नाही, पण कानाला गोड लागतं," म्हणायची.

धाकटीच्या वरच्या साहेबांचं नाव ऑफिसानं 'वुडशुड' ठेवलं होतं. पत्रात 'विल' दिसलं की ते लाल पेनानं खोडून 'वुड' करायचे, 'कॅन'चं 'कुड' करायचे, आणि 'मस्ट' तर त्यांना शिवीसारखा लागायचा. "बाई, 'यू मस्ट' असं मी घरी बायकोलाही म्हणू शकत नाही, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणताय?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. जर-तरची वाक्यं हा त्यांचा खास प्रांत. 'तुम्ही सही केलीत तर आम्ही काम सुरू करू' हे त्यांच्या लेखी अडाणी वाक्य होतं. 'आपण सही करू शकलात, तर काम सुरू करता येणं आम्हाला आनंदाचं ठरेल' हे खरं वाक्य.

"पत्र दोन माणसांसाठी लिहायचं असतं," ते सांगायचे. "एक आज वाचणारा. दुसरा, उद्या काही झालंच तर वाचणारा आपला वकील. पहिल्याला शांत झोप लागली पाहिजे, आणि दुसऱ्याला बोट ठेवायला जागा मिळाली पाहिजे."

धाकटी हे सगळं जीव लावून शिकली. पुढे पुढे ती साहेबांच्याही वरताण झाली. तिनं लिहिलेलं नकाराचं पत्र वाचून माणसाला आपल्याला काहीतरी मिळाल्यासारखंच वाटायचं. नोकरी नाकारलेल्या एका उमेदवारानं उलट टपाली आभार मानले होते. ते पत्र वुडशुड साहेबांनी सगळ्या टेबलांवरून फिरवलं होतं.

थोरली जिथं राहायची त्या चार मजली इमारतीची देखभाल याच कंपनीकडे होती. ते काम धाकटीनंच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, इमारतीचे सेक्रेटरी. एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून सगळी हयात घालवून रिटायर झालेले. आवक-जावक लिहिता लिहिता आणि साहेबांची परिपत्रकं वाचता वाचता त्यांना जे इंग्रजी आलं, त्याचा त्यांना फार अभिमान. इमारतीच्या नोटिसा ते इंग्रजीतच लावायचे. पाण्याची टाकी धुवायची असली तरी 'हिअरबाय' आल्याशिवाय टाकी धुतली जायची नाही.

एकदा चार पाहुण्यांसमोर धाकटीनं त्यांच्या अशाच एका नोटिशीतली चूक काढली. वाईट हेतूनं नाही, सवयीनं. भाऊजी हसले, पण चहा अर्धा टाकून उठले. तेव्हापासून ती आली की ते म्हणायचे, "या, विद्वान बाई आल्या!" थोरलीनं तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं, "अगं, त्यांचं तेवढंच एक आहे. त्याला कशाला हात लावतेस?" त्यानंतर धाकटीनं भाऊजींच्या इंग्रजीकडे डोळेझाक करायचं ठरवलं होतं.

एके दिवशी सकाळी मिस्त्रींच्या कागदांच्या गठ्ठ्यात थोरलीच्या इमारतीचा कागद आला. मिस्त्रीनं लिहिलं होतं: 'तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक निकामी. लिफ्ट खाली असतानाही कधी कधी दार उघडतं. लॉक बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा.'

तिसरा मजला म्हणजे ताईचाच. धाकटीनं बाकीचा गठ्ठा बाजूला सारला.

पूर्वी अशा वेळी मिस्त्री स्वतःच लिफ्ट बंद करून यायचे. पण 'आम्हाला न विचारता लिफ्ट बंद करतात' अशा तक्रारी झाल्या, आणि ऑफिसचं पत्र गेल्याशिवाय कुठलीही लिफ्ट बंद करायची नाही असा नियम निघाला. म्हणून हा मिस्त्री वॉचमनला फक्त सांगून आला होता. वॉचमननं ते भाऊजींच्या कानावर घातलं होतं, आणि भाऊजी म्हणाले होते, "मिस्त्रींना घाबरवायची सवयच असते. ऑफिसचं पत्र येऊ दे, मग बघू."

धाकटीनं पत्र लिहायला घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून 'मस्ट' लिहिला गेला. लॉक बदलेपर्यंत लिफ्ट वापरता कामा नये, असं तिनं सरळ लिहिलं आणि कागद साहेबांपुढे नेला.

वुडशुड साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, आज तब्येत बरी नाही का?"

"सर, तिथं दार उघडतंय."

"कधी कधी उघडतंय," साहेब म्हणाले. "आणि गेल्या तपासणीत हेच लॉक ठीक आहे म्हणून आपल्याच माणसानं सही केलीय. त्यात पुढच्या महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट नवं करायचंय. हे तुमचं वाक्य म्हणजे आपण आपल्या हातानं लिहून दिलेला कबुलीजबाब आहे."

"सर, माझी सख्खी बहीण राहते त्या मजल्यावर."

"मग तर छानच," साहेब म्हणाले. "मनापासून लिहाल."

त्यांनी लाल पेन उघडलं. धाकटीनं लिहिलेल्या एका वाक्याची दोन झाली. पहिल्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या लॉकची पाहणी आपल्या सोयीनुसार लवकरात लवकर करवून घेण्याचा विचार आपण करावा असं आम्ही सुचवू इच्छितो, असं होतं. दुसरं साहेबांनी डोळे मिटून सांगितलं आणि तिनं उतरवून घेतलं. 'शुड यू कन्टिन्यू टु ऑपरेट द लिफ्ट' असं ते सुरू होत होतं. मधल्या काळात आपण लिफ्ट चालू ठेवल्यास, रहिवाशांना योग्य ती काळजी घेण्याची विनंती करता आली तर आम्ही आभारी राहू, असा त्याचा अर्थ.

"बघा," साहेब म्हणाले. "सगळं आलं की नाही? काळजी पण आली."

धाकटीनं जागेवर येऊन पत्र टाइप केलं आणि एकदा वाचलं. सुरेख उतरलं होतं. कुठे खाचखळगा नाही, आवाज चढलेला नाही. तिनं ते आणखी एकदा वाचलं आणि तिच्या नकळत एक गोष्ट झाली. सकाळची धास्ती विरघळली. इतक्या शांत वाक्यांत सांगता येतंय, म्हणजे प्रकरण तितकंसं गंभीर नसणार, असं तिला वाटलं. हेच वाटावं म्हणून ती वाक्यं तशी घडवलेली असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी वाटलं. ताईला फोन करावा असं मनात होतं, ते संध्याकाळवर गेलं. संध्याकाळी वाटलं, उद्या सकाळी पत्र पोचणार, भाऊजी वाचतील, त्याआधी आपण मध्ये तोंड घातलं तर म्हणतील, मला वाचता येत नाही का?

दुसऱ्या दिवशी भाऊजींचाच फोन आला.

"काय विद्वान बाई! पत्र मिळालं हो तुमचं."

"मिळालं?" धाकटी खुर्चीत सावरून बसली. "वाचलंत?"

"दोनदा वाचलं. खाली सही तुमच्या साहेबांची आहे, पण मी तुझ्या ताईला म्हटलं, ही भाषा आपल्या धाकटीचीच. काय ड्राफ्टिंग आहे! आमच्या कारखान्यात मोठमोठे साहेब होऊन गेले, पण असं पत्र नाही पाहिलं. मी तर फाइलला सगळ्यात वर लावलंय. पुढच्या वेळी नमुना म्हणून उपयोगी पडेल."

धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत भाऊजींनी तिच्याबद्दल पहिल्यांदा बरा शब्द काढला होता.

"थँक्यू, भाऊजी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मग लिफ्टचं काय ठरवताय?"

"मीटिंगमध्ये विषय ठेवलाय ना. अजेंड्यावर घातलाय. तुम्ही 'सोयीनुसार' म्हटलंय, म्हणजे तेवढा वेळ आहे."

हाच तो क्षण होता. भाऊजी, सोयीबियीचं सोडा, आज खाली जा आणि लिफ्ट बंद करा. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ते बोललं असतं, तर ज्या पत्राचं इतकं कौतुक झालं, ते पत्र चुकीचं आहे असंच सांगावं लागलं असतं. भाऊजी खुशीत होते. पलीकडून ताईचं हसणं ऐकू येत होतं.

"बरं," धाकटी म्हणाली. "पण बघा हं, जरा लवकर."

"हो, हो. ॲट अवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स," भाऊजी म्हणाले आणि दोघंही हसली.

मीटिंगच्या चार दिवस आधी थोरली पडली.

ती दुपारची वेळ. दुरुस्त केलेल्या पडद्यांचं गाठोडं दोन्ही हातांत धरून ती खाली द्यायला निघाली होती. शेजारीण दारात उभी होती. तिच्याशी बोलत, मान मागे वळवून "आलेच हं" म्हणत थोरलीनं कोपरानं लिफ्टच्या दाराचा दांडा दाबला. दार उघडलं. रोज उघडायचं तसंच उघडलं. तिनं पाऊल आत टाकलं आणि आत लिफ्ट नव्हती.

लिफ्ट पहिल्या मजल्यावर होती. तिच्या टपावर थोरली जाऊन आदळली. पडद्यांचं गाठोडं अंगाखाली आलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण खुबा मोडला आणि उजवा पाय दोन ठिकाणी. ऑपरेशनं झाली, सळ्या घातल्या. ती चालेल, पण वॉकर धरून, आणि तो पाय आखूडच राहणार, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं.

थोरली शुद्धीवर आली तेव्हा धाकटी उशाशी होती. भाऊजी औषधं आणायला गेले होते.

"वॉचमन म्हणत होता," थोरली सावकाश, शब्द शोधत बोलली, "त्या दाराचं तुमच्या ऑफिसला माहीत होतं."

"हो, ताई. पत्र पाठवलं होतं आम्ही."

"तुला माहीत होतं?"

"पत्रात लिहिलं होतं, ताई. भाऊजींनी वाचलंय ते."

थोरली छताकडे बघत राहिली. "त्यांनी मला वाचून दाखवलं की. मोठ्यानं. मला म्हणाले, बघ तुझ्या बहिणीचं इंग्रजी." तिचा श्वास अडकला. नर्स दिसते का म्हणून धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं. "मी ऐकलं. कानाला गोड लागलं. मला कुठे कळतंय? पण तू मला मराठीत सांगायचंस ना गं. त्या दारातून जाऊ नकोस, एवढंच. त्याला काय इंग्रजी लागतं?"

धाकटीनं तिचा हात हातात घेतला. थोरलीनं तो काढून घेतला नाही, पण तिनं बोटंही मिटली नाहीत.

चौकशी लागली. सरकारी चौकशी अधिकारी यायचे होते. त्याआधी वुडशुड साहेबांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"खोटं एक अक्षर बोलायचं नाही," ते म्हणाले. "मी कुणाला खोटं बोलायला सांगत नाही. तुम्हाला पत्राच्या भाषेबद्दल विचारतील. भाषेबद्दल जे खरं आहे ते सांगा. व्यवहाराच्या इंग्रजीत अशा वाक्याला इशाराच समजतात की नाही?"

"समजतात, सर. ज्यांना सवय आहे ते."

"झालं तर. तेवढंच. आणि एक लक्षात घ्या. पत्र स्पष्ट होतं असं ठरलं, तर पत्र लिहिणाऱ्यानं आपलं काम केलं. स्पष्ट नव्हतं असं ठरलं, तर मग लिहिलं कुणी, फोनवर कोण काय बोललं, हे सगळं येणार. तुम्ही सुज्ञ आहात."

सही साहेबांची असली तरी खालच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. त्या रात्री धाकटी जेवली नाही. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. पत्र स्पष्ट होतं असं ठरलं, तर ताईच्या पायाचं पाप तिच्या माथ्यावर नव्हतं. तिनं सांगितलं होतं, त्यांना कळलं नाही. हे खरं असावं असं तिला इतकं वाटत होतं की चौकशीच्या दिवसापर्यंत ते तिला खरंच वाटायला लागलं.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. मध्ये टेबल, एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि वुडशुड साहेब. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. फाइलमध्ये ते पत्र अजून सगळ्यात वर होतं.

"पत्र तुम्हाला मिळालं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मिळालं होतं, साहेब."

"वाचलंत?"

"वाचलं. मी वाचून या आमच्या मेव्हणीला फोनही केला होता. विषय मीटिंगमध्ये ठेवतोय, असं सांगितलं होतं. ती काही म्हणाली नाही."

वकिलांनी धाकटीकडे पाहिलं. "फोनवर काय बोलणं झालं?"

"पत्राच्या ड्राफ्टिंगबद्दल बोलणं झालं," धाकटी म्हणाली. "आणि 'जरा लवकर बघा' असं मी म्हटलं होतं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. भाऊजींनी मान हलवली, जणू साक्षीलाच. "हो, म्हणाली होती."

अधिकाऱ्यांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. "हे दुसरं वाक्य. तुमचं काम भाषेचं आहे म्हणून तुम्हाला विचारतो. 'आपण लिफ्ट चालू ठेवल्यास' असं म्हटलंय. याचा अर्थ लिफ्ट धोक्याची आहे, बंद ठेवा, असा होतो का?"

धाकटीनं वाक्याकडे पाहिलं. तिनं भाऊजींकडे पाहायचं टाळलं, पण दिसलेच. ते पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून तिच्या उत्तराची वाट बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात गणित चुकलेला माणूस मास्तर फळ्यावर कसं सोडवतात ते बघतो, तसे बघत होते.

"व्यवहाराच्या इंग्रजीत," धाकटी म्हणाली, "सरळ हुकूम करत नाहीत. अशाच पद्धतीनं इशारा देतात. नेहमी पत्रव्यवहार करणाऱ्याला तो कळतो."

"म्हणजे कळायला हवा होता?"

"हो."

भाऊजी मागे टेकले. त्यांनी फाइल मिटली आणि तिची नाडी बांधायला घेतली. गाठ बसेना. दोनदा सुटली. मग त्यांनी ती तशीच सोडून दिली.

निकाल तसाच आला. कंपनीनं वेळेवर लेखी सूचना दिली होती, इमारतीच्या कमिटीनं तिच्यावर कारवाई केली नाही. भाऊजींनी सेक्रेटरीपद सोडलं. सोडलं म्हणायचं, नाहीतर काढलंच असतं. जिन्यात लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, "इंग्रजी झाडायची हौस, आणि बायकोला खड्ड्यात घातली." वुडशुड साहेबांनी धाकटीला सांगितलं की तिच्या बढतीचा विचार होऊ शकला असता तर त्यांना अतिशय आनंद झाला असता. या वाक्याचा अर्थ बढती नाही असा होतो, हे तिला विचारावं लागलं नाही.

थोरलीकडे जायचं धाकटी टाळत राहिली. शेवटी एका रविवारी गेली. दार भाऊजींनी उघडलं. थोरली खिडकीपाशी खुर्चीत होती, समोर वॉकर. शिलाई मशीनवर चादर टाकलेली, कारण पायानं चालवायचं मशीन आता चालणार नव्हतं.

"या," थोरली म्हणाली. "बसा."

धाकटीला वाटलं, तिच्या मागून आणखी कुणी आलंय. तिनं वळूनही पाहिलं.

"कशी आहेस, ताई?"

"बरी आहे. तुम्ही कशा आहात? कामाच्या गडबडीतून वेळ काढून आलात, बरं वाटलं." थोरली अगदी नीट, स्वच्छ बोलत होती. आवाजात राग नाही, टोमणा नाही. "चहा घ्याल ना? यांना सांगते."

"ताई, असं काय बोलतेस?"

"कसं?"

"तुम्ही-आम्ही."

"चांगलं आहे की. कुणाला लागत नाही," थोरली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

जिनं वेणी घालून दिली, थोबाडीत मारली, ताटातलं काढून दिलं, तिच्या तोंडून 'अगं कार्टे' ऐकायला धाकटी त्या क्षणी काहीही द्यायला तयार झाली असती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर पाय धरता आले असते. पण इतक्या अदबीनं बसवलेल्या पाहुण्याला कुणाचे पाय धरता येत नाहीत. चहा आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना थोरली म्हणाली, "जमलं तर या पुन्हा."

भाऊजी जिन्यापर्यंत सोडायला आले. दार ओढून घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा ना, भाऊजी."

"त्या दिवसापासून मी त्या वाक्याशी झटापट करतोय. डिक्शनरी घेऊन बसलो. 'शुड यू कन्टिन्यू' म्हणजे 'चालू ठेवलंत तर'. बरोबर? आता मला सांग, 'चालू ठेवलंत तर' या शब्दांत 'बंद ठेवा' कुठं आहे? मला सापडत नाहीये. माझं इंग्रजी कच्चं असेल, पण कुठल्या शब्दात आहे तेवढं दाखव."

धाकटीनं कठडा धरला. "नाहीये, भाऊजी."

"नाहीये?"

"कुठल्याच शब्दात नाहीये. तुम्ही बरोबर वाचलंत. ते तसंच वाचलं जावं म्हणून लिहिलं होतं."

तिला वाटलं, आता हे ओरडतील. पण त्यांनी फक्त कपाळ चोळलं.

"मग तिथं का नाही सांगितलंस?"

"मी उद्या जाऊन सांगते त्या अधिकाऱ्यांना," ती म्हणाली. "लेखी देते."

"आता काय उपयोग! फाइल बंद झाली त्यांची." ते वळले. "आणि हिला सांगू नकोस. माझ्या हातून चूक झाली म्हणून ती मला सांभाळून घेतेय. तुझ्या हातून झाली म्हटलं, तर आहे तेवढी बहीणही तिला उरणार नाही." त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी टेबलावर नेहमीचा गठ्ठा होता. तिसरा का चौथा कागद एका सहा मजली इमारतीचा. ब्रेक घसरतोय, लिफ्ट मजल्याच्या खाली जाऊन थांबते, बंद ठेवा, असं मिस्त्रीनं लिहिलेलं. धाकटीनं कागद साहेबांकडे नेलाच नाही. तिनं त्या इमारतीच्या सेक्रेटरीला फोन लावला.

"लिफ्टच्या कंपनीतून बोलतेय. तुमची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. धोका आहे."

"कोण तुम्ही? मिस्त्री का?"

"पत्रं लिहिते मी."

"मग पत्र पाठवा ना, बाई! असं फोनवर कसं बंद करणार? रीतसर पत्र येऊ दे, मग बघू."

"पत्रात असं नसेल," धाकटी म्हणाली. "पत्रात दुसरंच काहीतरी असेल. म्हणून फोन करतेय."

"काय डोकं फिरलंय का?" तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडला, जाड पेनानं त्यावर लिहिलं, आणि पर्स उचलून भर कामाच्या वेळेत बाहेर पडली. वुडशुड साहेबांनी काचेतून पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्या सेक्रेटरीची तक्रार आली. दुसऱ्या दिवशी धाकटीला जुन्या फायलींच्या खोलीत पाठवल्याचं पत्र मिळालं. त्यात तिच्या आजवरच्या सेवेबद्दल आभार होते. पण ते नंतर.

त्या दुपारी ती सहा मजली इमारतीत पोचली. तळमजल्यावरच्या दाराच्या दांड्याला तिनं पुठ्ठा सुतळीनं बांधला: 'लिफ्ट बंद. चढू नका.' वॉचमन 'अहो, कुणाला विचारून?' करत आला, तर ती त्याच्याकडे न बघता दारासमोर आडवी उभी राहिली.

हातात भाजीच्या दोन जड पिशव्या घेतलेली एक बाई आली. तिनं पाटी वाचली, मग धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कधी चालू होणार?"

"माहीत नाही. जिन्यानं जा."

"अहो, मला पाचव्या मजल्यावर जायचंय."

"जा म्हटलं ना जिन्यानं! चढायचं नाही!"

बाईचा चेहरा पडला. ती पिशव्या सावरत जिन्याकडे वळली. पहिल्या वळणापर्यंत तिचं बोलणं खाली ऐकू येत होतं. "नीट सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का माणसानं? जरा म्हणून बोलायची रीत नाही या बाईला."

धाकटी दाराला पाठ लावून उभीच राहिली.